तहरीर लखनौची, समन्स न्यू जर्सीला

१९९३ साली लखनौच्या पासपोर्ट कार्यालयातून खोट्या नावाने एक पासपोर्ट निघाला. घेणारा होता आझमगढ जिल्ह्यातल्या सरायमीरचा अबू सालेम. त्याच वर्षी १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते, त्यांतला तो एक आरोपी, आणि त्याला देश सोडायचा होता. २००२ च्या सप्टेंबरात तो लिस्बनमध्ये सापडला, ११ नोव्हेंबर २००५ ला त्याला भारतात आणले, आणि पासपोर्टच्या त्या प्रकरणात लखनौच्या सीबीआय न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा ठोठावली ती २०२२ च्या सप्टेंबरात. गुन्हा लखनौचा, निकालही लखनौचा. मध्ये एकोणतीस वर्षे गेली.

सरहद्दीपलीकडे गेलेला माणूस, पैसा किंवा मालमत्ता कायद्याने कशी गाठायची, हा प्रश्न लखनौइतका दुसऱ्या फार थोड्या शहरांनी इतक्या बाजूंनी पाहिला असेल. पूर्व उत्तर प्रदेशातून आखातात जाणारा मजूर, अमेरिकेत नोकरी करणारा जावई, पाकिस्तानात गेलेल्या राजाचा महाल आणि कंबोडियातून आलेला ठगाचा फोन, या सगळ्यांची प्रकरणे इथल्या ठाण्यांत, कैसरबागच्या जिल्हा न्यायालयात आणि गोमतीनगरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात येतात. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच वाटा फिरून मुंबईला येऊन मिळतात.

सालेमचे प्रकरण आधी नीट पाहू, कारण सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते आणि त्याची किंमत काय पडते, ते त्यात दिसते. त्या वेळी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पण करारच नव्हता. तो झाला २००७ साली. तरीही १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याच्या आधारे आणि परस्पर सहकार्याच्या हमीवर मागणी केली गेली. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही, जन्मठेपही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली, की त्याला फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक तुरुंगात ठेवले जाणार नाही. शिवाय प्रत्यार्पणाचा एक जुना नियम असतो: ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला, खटला त्याच गुन्ह्यांचा चालवायचा. मुंबईत त्याच्यावर काही वाढीव कलमे लावली गेली तेव्हा सालेमने थेट लिस्बनच्या न्यायालयात धाव घेतली, आणि २०११ साली तिथल्या न्यायालयाने भारताने अट मोडली असा निकाल दिला. मुंबईच्या तुरुंगात बसलेला आरोपी लिस्बनमध्ये भारत सरकारविरुद्ध जिंकतो, हे वाचायला विचित्र वाटते खरे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली प्रत्यार्पण कायम असल्याचे सांगितले, पण वाढीव आरोप मागे घ्यावे लागले. २०१७ मध्ये बॉम्बस्फोटांच्या खटल्यात टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पंचवीस वर्षे भरल्यावर सरकारने अडवाणींच्या शब्दाला जागले पाहिजे.

उलटा अनुभवही मुंबईच्याच खात्यावर आहे. संगीत कंपनीचे मालक गुलशनकुमार यांच्या १९९७ मधल्या खुनात संगीतकार नदीम सैफी याला ब्रिटनकडून मागितले गेले. ब्रिटनशी तर १९९२ मध्येच रीतसर करार झाला होता. पण तिथल्या उच्च न्यायालयाने २००० साली कागद पाहिले आणि नकार दिला. करार असून माणूस मिळाला नाही, करार नसून मिळाला. कराराच्या कागदापेक्षा प्रकरणाचा कागद किती घट्ट आहे आणि सरकार किती मागे लागते, यावर गाडी अवलंबून असते.

लखनौला परक्या दारात दाद मागण्याचा अनुभव फार जुना आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले. वाजिद अली शाह लखनौ सोडून कलकत्त्याला गेले. लंडन गाठून राणीपुढे आणि पार्लमेंटपुढे गाऱ्हाणे मांडायचे ठरले होते. प्रकृतीने त्यांना पुढे जाऊ दिले नाही. गेली ती त्यांची आई मलिका किश्वर, पडद्यातली बाई, मुलगा, नातू आणि मोठा लवाजमा घेऊन. ती लंडनमध्ये असतानाच १८५७ चा उठाव झाला आणि लखनौ त्याच्या मधोमध सापडले. मग कोण ऐकणार? जानेवारी १८५८ मध्ये परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाला. तिची कबर आजही पॅरिसच्या पेर लाशेज कबरस्तानात आहे.

मराठी वाचकाला इथे रंगो बापूजी गुप्ते आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८३९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले गेले आणि रंगो बापूजी त्यांचे वकील म्हणून लंडनला जाऊन राहिले. तेरा-चौदा वर्षे ते तिथे होते. त्यांचे अशील १८४७ मध्ये काशीत वारले, १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले, तरी वकिली चालू होती. बिठूरच्या नानासाहेबांनी पेन्शनसाठी पाठवलेले अजीमुल्ला खान याच वाटेने गेले आणि तसेच परतले. तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान होती: ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच घरी निकाल. आज न्यायालये त्रयस्थ आहेत. पण तक्रारीचा कागद एका देशातून दुसऱ्या देशात जातो तो अजूनही सरकारांच्याच हातून, आणि सरकारला ज्यात रस नाही तो कागद रेंगाळतो. या आढाव्यातले माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो घरगुती प्रकरणांना.

मुलगी लखनौच्या अलीगंजची असो की पुण्याच्या कोथरूडची, गोष्ट साधारण सारखीच असते. लग्न इथे झाले, नवरा न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये. काही महिन्यांत किंवा वर्षांत मुलगी माहेरी परत येते. कधी स्वतःहून, कधी ‘आईला भेटून ये’ म्हणून आणून सोडलेली, व्हिसाचे कागद नवऱ्याकडेच ठेवून. वडील ठाण्यात जातात. लखनौत तक्रारीच्या अर्जाला तहरीर म्हणतात. वकिलाचा मुन्शी ती लिहून देतो. ठाण्यातला पहिला प्रश्न ठरलेला: घटना कुठे घडली? अमेरिकेत म्हटले की ‘हद्द आमची नाही’.

हे उत्तर आता चुकीचे आहे. ९ एप्रिल २०१९ रोजी, उत्तर प्रदेशातूनच आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले, की छळामुळे घर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही तिला तक्रार करता येते. छळाचे मानसिक परिणाम माहेरीही चालूच असतात. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला इथे चालवायला केंद्र सरकारची मंजुरी लागते; पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १८८, आता नागरिक सुरक्षा संहितेचे २०८. पण बोट्स्वानातल्या छळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उलगडा केला, की ही मंजुरी खटला सुरू होताना हवी. तक्रार नोंदवून तपास करायला तिची वाट पाहायची गरज नाही. जुलै २०२४ पासून झीरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घेणे, कायद्यातच आली आहे, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने तक्रार पाठवता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. डॅलसमध्ये बसलेल्या मुलीने लखनौच्या ठाण्यात तीन दिवसांत सही कशी करायची, याचा विचार कायदा लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

तक्रार नोंदली गेली, की खरी वाटचाल सुरू होते. ती दोन रुळांवरून जाते, आणि लोक हे दोन रूळ नेहमी एकमेकांत मिसळतात. दिवाणी दावा, म्हणजे घटस्फोट, पोटगी, मुलाचा ताबा, यांचे समन्स १९६५ च्या हेग बजावणी करारानुसार जाते. भारत त्यात २००६ मध्ये सामील झाला आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपल्याला लागू आहे. लखनौच्या कुटुंब न्यायालयाने काढलेले समन्स ठरलेल्या नमुन्यात, जोडकागदांसह, इंग्रजी भाषांतर करून पाठवावे लागते. उत्तर प्रदेशात निम्मे कागद हिंदीत असल्याने भाषांतराचा खर्च आणि वेळ ठरलेलाच. अमेरिकेच्या न्याय खात्याने बजावणीचे काम एका खासगी कंपनीला दिले आहे आणि तिची फी अनेक वर्षे दर पक्षकारामागे ९५ डॉलर राहिली आहे. फीचा भरणा चुकला किंवा पत्त्यातला अपार्टमेंट क्रमांक राहिला, की पाकीट परत. पुढची तारीख तीन-चार महिन्यांनी. नवरा तोवर घर बदलून मोकळा होतो.

फौजदारी बाजूचा रूळ वेगळा. त्याला परस्पर कायदेशीर साहाय्य करार म्हणतात आणि अमेरिकेशी आपला असा करार २००५ पासून अमलात आहे. तपास अधिकारी प्रस्ताव करतो, तो राज्याच्या गृह खात्यामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, तिथून होकार आला की विनंती पुढे सरकते. ‘लेटर रोगेटरी’ असेल तर न्यायालयाचे विनंतीपत्रही हवे. ठाण्यातल्या उपनिरीक्षकाने आयुष्यात असे एकही पत्र तयार केलेले नसते. त्याच्याकडे इतर पन्नास तपास पडलेले असतात. मग तो सोपे करतो: नवऱ्याविरुद्ध वॉरंट मागतो आणि लुकआउट सर्क्युलर काढायला लावतो, म्हणजे नवरा कधी लखनौच्या अमौसीला किंवा दिल्लीला उतरलाच तर विमानतळावर अडेल.

रेड कॉर्नर नोटिशीचे आमिष वकील लोक फार दाखवतात. ‘इंटरपोलला लावतो बघा’ हे वाक्य लखनौत ऐकू येते तसे शिवाजीनगरच्या कोर्टातही ऐकू येते. वस्तुस्थिती अशी, की इंटरपोलशी बोलण्याचा अधिकार देशात फक्त सीबीआयला आहे; राज्य पोलिसांनी सीबीआयकडे पाठवायचे, आणि जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ‘भारतपोल’ पोर्टल आले आहे. पण कौटुंबिक आणि खासगी वादातून उद्भवलेल्या गुन्ह्यांना रेड नोटीस देऊ नये, असा इंटरपोलचाच नियम आहे. समजा नोटीस निघाली, तरी प्रत्यार्पणाला दोन्ही देशांत गुन्हा ठरेल असे कृत्य लागते. मारहाण तिथेही गुन्हा आहे. हुंड्याचे टोमणे आणि मानसिक छळ तिथल्या सरकारी वकिलाला त्या रूपात समजत नाहीत. नव्या संहितेत फरार आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवायची सोय झाली, पण ती दहा वर्षे किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. पत्नीच्या छळाला तीन वर्षे. म्हणजे तीही वाट बंद.

उरते काय? नवऱ्याचा भारतीय पासपोर्ट. न्यायालयाचे वॉरंट किंवा समन्स निघाले असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १० (३) खाली तो जप्त किंवा रद्द करता येतो, आणि पासपोर्ट नसलेल्याचा व्हिसाही अडचणीत येतो. माझ्या मते या साऱ्या शस्त्रागारात हेच एक हत्यार खरोखर चालते. नवरा अमेरिकी नागरिक झाला असेल तर तेही बोथट. दुसरे म्हणजे त्याच्या नावावरची इथली मालमत्ता. पोटगी थकली तर तिच्यावर जप्ती येऊ शकते.

या सगळ्याची एक काळी बाजू आहे, आणि ती मुलीच्या वकिलाला आवडणार नाही. ज्याने केले तो हाती लागत नाही, म्हणून जे हाती लागतात त्यांची नावे तहरिरीत जातात: सत्तरीतले सासू-सासरे, दुसऱ्या गावात राहणारी नणंद, जी लग्नानंतर दोनदा भेटली असेल. अटक सरसकट करू नका असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले, तरी वृद्ध आईबापांना अटकपूर्व जामिनासाठी कोर्टात उभे राहावे लागतेच. काही तक्रारी खोट्या असतात. त्याहून जास्त तक्रारी खऱ्या असतात पण चुकीच्या माणसांवर. सरहद्द असली की हे होतेच.

तिकडून येणारे कागद ही दुसरी बाजू. न्यू जर्सीच्या कोर्टातून घटस्फोटाची नोटीस मुलीच्या व्हॉट्सॲपवर येते. घाबरून ती तशीच ठेवली जाते. १९९१ मध्ये मिसूरीतल्या घटस्फोटाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो आजही पाया आहे: हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणाने, किंवा बायकोने ते न्यायालय मानलेले नसताना, परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट इथे मान्य नाही. शिवाय हेग करारातल्या टपालाने बजावणीच्या पद्धतीला भारताने हरकत घेतलेली आहे. समन्स दिल्लीच्या विधी मंत्रालयामार्फत यायला हवे. त्यामुळे लखनौत नवरा-बायको आणि न्यू जर्सीत घटस्फोटित, अशी अर्धवट अवस्था कित्येक जोडप्यांची झालेली आहे. मात्र मुलीने तिथल्या कोर्टात वकील देऊन गुणदोषांवर बाजू मांडली, की तो निकाल तिच्यावर बंधनकारक होण्याची शक्यता फार वाढते. तिथल्या कोर्टाला उत्तर द्यायचे की नाही, हा निर्णय दोन्हीकडच्या वकिलांशी बोलूनच घ्यायचा असतो.

मुलांचा ताबा तर आणखी अवघड. १९८० च्या हेग बालअपहरण करारावर भारताने सही केलेली नाही. २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीने अहवाल दिला, तो फायलीत राहिला. परदेशी कोर्टाचा आदेश घेऊन आलेल्या बापाला लखनौच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसचा अर्ज करावा लागतो आणि न्यायालय मुलाचे हित पाहून प्रत्येक वेळी नव्याने ठरवते. छळ सोसून पळून आलेल्या आईला यामुळे संरक्षण मिळते, हे मान्य; पण वर्षानुवर्षे मुलाचे तोंड न पाहिलेले बापही याच नियमाचे बळी आहेत. कराराच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोघेही अर्धे खरे बोलतात.

पैशाच्या डिक्रीचे गणित त्या मानाने सरळ आहे, आणि बहुतेकांना ते माहीत नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ मध्ये काही देशांना ‘परस्पर मान्यतेचे प्रदेश’ म्हटले आहे. ब्रिटन, सिंगापूर त्यात आहेत, अमेरिका नाही. म्हणजे लंडनची डिक्री लखनौच्या जिल्हा न्यायालयात इथल्याच डिक्रीसारखी वसुलीला लावता येते, न्यूयॉर्कची नाही; तिच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो. १७ जानेवारी २०२० रोजी यात संयुक्त अरब अमिरातीची भर पडली. आझमगढ, सुलतानपूर, रत्नागिरी, सगळीकडच्या आखातातून परतलेल्यांसाठी ही अधिसूचना महत्त्वाची आहे. दुबईच्या क्रेडिट कार्डाचे देणे तसेच सोडून विमानात बसलेल्या माणसाला आता तिथली बँक गावच्या घरापर्यंत गाठू शकते. त्याच माणसाचे तिथे बुडालेले सहा महिन्यांचे पगार मात्र त्याला इतक्या सहज मिळत नाहीत, कारण ती डिक्री मिळवायला आधी तिथे दावा लावून टिकून राहावे लागते. कायदा दोघांना सारखा आहे. वकील ठेवण्याची ऐपत सारखी नाही.

पैशाचा विषय निघाला की सहारा समूहाचे प्रकरण टाळता येत नाही. मुख्यालय लखनौत, नियामक सेबी मुंबईत, निकाल दिल्लीत: ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४,००० कोटी रुपये १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितले. २८ फेब्रुवारी २०१४ रोजी समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांना लखनौत अटक झाली. मालमत्ता कुठे? लंडनचे ग्रोव्हनर हाउस, न्यूयॉर्कचे प्लाझा. सौदा करता यावा म्हणून रॉय यांना तिहार तुरुंगात बैठकीची खोली दिली गेली. पण मार्च २०१५ मध्ये ग्रोव्हनर हाउसवर कर्ज दिलेल्या बँक ऑफ चायनाने ते हॉटेल प्रशासकाच्या ताब्यात दिले. परदेशातल्या वास्तूवर आधी हक्क तारण घेणाऱ्याचा. भारतीय न्यायालयाचा हुकूम त्या रांगेत मागे उभा राहतो. पुढे दोन्ही हॉटेले कतारच्या कंपनीकडे गेली. उत्तर प्रदेशातल्या कसब्यांत आणि महाराष्ट्रातल्या तालुक्यांत शंभर-दोनशे रुपये जमा करणाऱ्यांना या हॉटेलांची नावेही ठाऊक नव्हती.

कधी माणूस सरहद्द ओलांडतो आणि मालमत्ता मागे राहते. महमूदाबादच्या राजाचे तसे झाले. राजा मोहम्मद अमीर अहमद खान हे जिना यांचे निकटचे सहकारी. १९५७ मध्ये त्यांनी पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. राणी आणि मुलगा भारतीय नागरिक म्हणून इथेच राहिले. १९६५ च्या युद्धानंतर लखनौचा बटलर पॅलेस, हजरतगंजमधल्या इमारती, महमूदाबादचा किल्ला, नैनितालचे मेट्रोपोल हॉटेल, सारे ‘शत्रू मालमत्ता’ म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे गेले. राजा १९७३ मध्ये लंडनला वारले. मुलगा, ज्यांना लखनौ सुलेमान मियाँ म्हणून ओळखे, त्यांनी कायद्याची वाट धरली. अभिरक्षकाचे कार्यालय मुंबईत, म्हणून अवधच्या या महालांचा निकाल २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला, आणि २१ ऑक्टोबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला: भारतीय नागरिक शत्रू असू शकत नाही, मालमत्ता परत करा.

तीस वर्षे लढून जिंकलेले हे प्रकरण २०१० च्या अध्यादेशाने डळमळले, २०१६ मध्ये पुन्हा पुन्हा अध्यादेश आले, आणि २०१७ च्या दुरुस्ती कायद्याने शत्रूचा वारस भारतीय असला तरी शत्रूच ठरवला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने. सुलेमान मियाँ २०२३ मध्ये वारले. २०१८ साली सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार अशा ९,२८० मालमत्ता पाकिस्तानात गेलेल्यांच्या आणि १२६ चीनमध्ये गेलेल्यांच्या होत्या. त्यांपैकी ४,९९१ एकट्या उत्तर प्रदेशात. सुरक्षेची कारणे काहीही असोत, सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल बारा वर्षांनी मागे जाऊन पुसून टाकणे मला पटत नाही. परक्या देशाशी लढताना हरलो तर समजू शकते. हे तर घरच्या सरकारशी जिंकून हरणे झाले.

ताजा अध्याय सायबर ठगीचा. ऑगस्ट २०२४ मध्ये लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या एका महिला डॉक्टरला ‘डिजिटल अरेस्ट’चा धाक दाखवून २ कोटी ८१ लाख रुपये लुबाडले गेले. दुसऱ्या एका डॉक्टरच्या ८५ लाखांच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये लखनौच्या न्यायालयाने आरोपीला सात वर्षांची शिक्षा दिली. गुन्हा घडल्यापासून सव्वा वर्षात शिक्षा, हे लखनौ पोलिसांचे कौतुकाचे काम. पण शिक्षा झालेला आरोपी देशातला होता. केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांबद्दल सांगितले होते, की तक्रारींतला सुमारे ४६ टक्के ओघ कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधून आहे. खाती भाड्याने देणारे इथे सापडतात. पैसा क्रिप्टोत बदलून केव्हाच बाहेर गेलेला असतो. त्या अड्ड्यांत फोन करायला बसवलेले कित्येक तरुण नोकरीच्या आमिषाने फसवून नेलेले भारतीयच आहेत. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना म्यानमार-थायलंड सीमेवरून परत आणले. फसवणारा आणि फसलेला, दोघांचीही तक्रार लिहून घेणारे ठाणे एकच असू शकते. अशा वेळी विनंतीपत्रांचा उपयोग शून्य; १९३० या सायबर हेल्पलाइनवर पहिल्या तास-दोन तासांत केलेला फोन आणि गोठवलेले खाते, एवढाच उपाय.

सगळेच निराशाजनक आहे असे नाही. साक्षीसाठी विमान गाठायची गरज उरलेली नाही, आणि ती वाट महाराष्ट्राने घालून दिली: मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेच्या खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवर घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच मान्य केले. परदेशातल्या भारतीयाला इथला दावा मुखत्यारपत्रावर चालवता येतो. ते वकिलातीत किंवा अपोस्टिल करून घ्यावे, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. या तीन महिन्यांवर चांगले चांगले दावे अडकलेले आहेत. मुखत्यार अर्ज करू शकतो, पण तुमच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीची साक्ष तो देऊ शकत नाही.

परदेशी स्थळ बघणाऱ्या आईबापांना एक सांगणे. पत्रिका जुळवण्याआधी मुलाचा पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, कंपनीचा आणि राहता पत्ता यांच्या प्रती घ्या, विवाह नोंदणी त्याच आठवड्यात करा, आणि मुलीच्या कागदांचा एक संच माहेरी ठेवा. समन्स पोचेल की परत येईल ते या कागदांवर ठरते, आणि भांडण सुरू झाल्यावर ते कोणी देत नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात हेच सुचवले आहे: नोंदणी सक्तीची करा, पासपोर्टवर जोडीदाराचा पासपोर्ट क्रमांक घाला. त्याच्याही आधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर समन्स लावले की ते बजावले असे धरावे, आणि तरीही हजर न राहणाऱ्याची मालमत्ता जप्त करावी, अशी तरतूद त्यात होती. त्याचा कायदा झालेला नाही.